‘करू का?’

शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर आपण सर्वांनीच निबंध लिहिले आहेत आणि ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असा शेवट करून गुणही मिळविले आहेत. हे वाक्य मीही कितीदा तरी लिहिले असेल. त्याचा अर्थ मात्र मला कळला तो गेल्या श्रावणात, वसतिगृहाच्या खोलीत तापाने फणफणत पडले होते तेव्हा.

मोबाइलला कामांची मालिका नेमून देता येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. अमुक घडले की तमुक कर, त्यानंतर ते दुसरे कर, आणि ही अट पुरी होत असेल तरच कर, अशी ती रचना असते. अँड्रॉइड फोनवर ‘टास्कर’, ‘मॅक्रोड्रॉइड’ ही ॲप्स हे काम करतात. आयफोनसाठी २०१४ साली एरी वाइनस्टीन, कॉनराड क्रेमर आणि निक फ्रे या तरुणांनी ‘वर्कफ्लो’ नावाचे ॲप काढले. २०१७ मध्ये ॲपल कंपनीने ते विकत घेतले आणि २०१८ पासून ते ‘शॉर्टकट्स’ या नावाने चालते. २०१५ साली ‘वर्कफ्लो’ला ॲपलचे पारितोषिक मिळाले, ते विशेषतः दृष्टिहीनांनाही ते सहज वापरता येते या गुणासाठी. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्या दहा खटपटी एका स्पर्शात आटोपत असतील, तर त्याला आळस म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

मीही माझ्या जुन्या फोनवर हे शिकले. तासांच्या वेळी फोन आपोआप मुका होई, पाच वाजता पुन्हा बोलका होई. मग मला एक हुशारी सुचली. घरी आई रोजंदारीवर जाते. तिला वाचता येत नाही. धाकटा भाऊ संदेश वाचून दाखवतो. रोज रात्री आठ वाजता त्याच्या फोनवर ‘जेवले. बरी आहे. अभ्यास चालू आहे.’ हा संदेश आपोआप जाईल, अशी व्यवस्था मी करून टाकली. आई निर्धास्त, मी मोकळी!

श्रावणात मला ताप भरला. तीन दिवस अन्नाचा कण पोटात नव्हता. आणि तिन्ही दिवस आठच्या ठोक्याला घरी संदेश जात होता, ‘जेवले. बरी आहे.’ चौथ्या दिवशी बाजाराला आलेल्या गावातल्या एका मावशीने मला पाहिले आणि घरी सांगितले. दुसऱ्या दिवशी आई मजुरी बुडवून एसटीने आली. ती रागावली नाही. मी तिला सगळे समजावून सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “मग इतकं दिस तू बरी हाईस म्हनून कोन सांगत हुतं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

यंत्र खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. ते क्रम पाळते. क्रमामागचे कारण त्याला ठाऊक नसते. उद्याच्या माझ्या प्रकृतीची ग्वाही आजच देऊन ठेवली ती मी. एक मैत्रीण म्हणाली, “अगं, आणखी एक अट घालायची होतीस!” अटी कितीही घालता येतील, परंतु आईला अटींचा निष्कर्ष नको होता, मुलीचा शब्द हवा होता. काम यंत्रावर सोपवता येते, शब्द सोपवता येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आयफोनवर २०१९ साली जेव्हा ठरावीक वेळी चालणाऱ्या अशा मालिका आल्या, तेव्हा मालिका सुरू करण्यापूर्वी फोन परवानगी मागत असे. २०२० पासून न विचारता चालवण्याची मुभा मिळाली. ती सोयीची आहे, यात शंका नाही. घंटी बंद करायला कसली परवानगी? परंतु जिथे यंत्र आपल्या नावाने दुसऱ्या माणसाशी बोलणार, तिथे त्याने ‘करू का?’ असे विचारलेच पाहिजे, आणि तो प्रश्न आपण स्वतः राखून ठेवला पाहिजे.

‘आपण कला शाखेचे, आपल्याला काय त्याचे?’ असे कित्येकांना वाटेल. पण वाक्य कोणी उच्चारले आणि कोणत्या वेळी उच्चारले यावर त्याचा अर्थ ठरतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याइतके कोणाला कळणार? म्हणूनच मित्रमैत्रिणींनो, हे तंत्र आपण अवश्य शिकावे. जे आपण शिकणार नाही, ते दुसरे कोणीतरी आपल्यासाठी ठरवून ठेवील.

माझ्या फोनवर आठची मालिका अजून आहे. आता ती फक्त मला आठवण देते. फोन मी लावते. आई विचारते, “जेवलीस का?” एखाद्या दिवशी मी ‘नाही’ असेही सांगते.