पानातलं मीठ

पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढायचं, हे मला सासूबाईंनी शिकवलं. पुढे ह्यांचा रक्तदाब वाढला आणि बुऱ्हाणपुरातल्या आमच्या घरात पानातलं मीठ बंद झालं. ते परत आलं ९ वर्षांच्या नातीमुळे.

तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. घाम त्वचेवर येण्याआधी त्यातलं बरंचसं मीठ शरीर परत शोषून घेतं. तिचं शरीर ते घेऊ शकत नाही. तान्ही असताना तिच्या कपाळाचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. मला वाटायचं, उन्हाळाच आहे! १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा या आजाराची मुलं उकाड्याने कोसळली. त्यावरून पॉल दि सांत आग्नेझे या बालरोगतज्ज्ञांनी घामाचा माग घेतला आणि १९५३ मध्ये त्यातलं जादा मीठ दाखवून दिलं. आजही निदानात घामाची तपासणी महत्त्वाची असते. आणि आमचा तापीकाठचा मे महिना म्हणजे घामाच्या धारा.

मोठ्यांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ह्यांच्यासाठी ते खरंच. म्हणून भाजी-आमटी ह्यांच्या बेताने करते आणि नातीचं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसभराचं मीठ सकाळी एका डबीत काढते. वरणभातावर, ताकात, काकडीवर. रात्रीपर्यंत डबी रिकामी व्हायला हवी. शाळेच्या डब्यात खारे शेंगदाणे किंवा तळलेल्या बिबड्या. गावात केळी मुबलक, पण केळ्यात सोडियम नावालाच. ह्यांच्यासाठी आणलेली कमी सोडियमच्या मिठाची पुडी मी एकदा चुकून तिच्या डबीत ओतली होती. तेव्हापासून दोन्ही बरण्यांवर नावं आहेत. खूप घाम आल्यावर नुसतं पाणी पाजणंही बरं नाही, त्याने रक्तातलं उरलंसुरलं मीठ आणखी पातळ होतं. पायात पेटके, मळमळ, डोकं दुखणं यातलं काही दिसलं की आम्ही थांबत नाही, डॉक्टरांना फोन करतो.

जड गेलं ते वेगळंच. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तिला म्हणालं, “एवढं मीठ खातेस? हाडं विरघळतील!” पोरीने दुसऱ्या दिवसापासून डबीतलं मीठ मोरीत ओतायला सुरुवात केली. आठवडाभरात ती मलूल झाली तेव्हा कळलं. मी रागावले नाही. माझ्याच तोंडून इतकी वर्षं तिने ‘मीठ वाईट’ हे ऐकलं होतं. तिला जवळ घेऊन सांगितलं, आजोबांची गोळी तशी तुझी ही डबी. तिने विचारलं, “मग आजोबांची कुणी चेष्टा का करत नाही?” मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर ह्यांनी शोधलं. आता जेवताना हे आपली गोळी तिच्या पानाशेजारी ठेवतात आणि तिची डबी स्वतः उघडून देतात. काल कैरीचं पन्हं केलं. तिच्या पेल्यात मीठ घालून ह्यांनीच ढवळलं, चमचा तिला चाटायला दिला आणि विचारलं, “पुरे का?”

“अजून थोडं,” ती म्हणाली.