यंत्राची साक्ष आणि कंत्राटाची कलमे

महादेवपुरा परिसरात वास्तव्य करणाऱ्या मराठी वाचकांना बाह्य वर्तुळाकार रस्त्याचे वर्णन ऐकविण्याची आवश्यकता नाही. सिल्क बोर्ड ते कृष्णराजपुरम आणि तेथून विमानतळ अशा ५८.१९ किलोमीटर मेट्रोमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२१ मध्ये मंजुरी दिली. अंदाजित खर्च १४,७८८ कोटी रुपये. त्यानंतरच्या वर्षांत पत्र्याच्या कुंपणाआड क्रेन, पोकलेन आणि पायलिंगची यंत्रे येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडली. वाहतुकीत खोळंबलेला मनुष्य अशा कुंपणाकडे पाहून एकच प्रश्न विचारतो : यंत्र उभे का? भूसंपादन, आराखडा, मजुरांची टंचाई ही नेहमीची उत्तरे आपण वृत्तपत्रांत वाचतो. अशा कोणत्याही मोठ्या कामावर लागू पडणारे आणखी एक उत्तर मात्र चर्चेत येत नाही. यंत्राच्या पडद्यावर पिवळा दिवा लागलेला असतो, आणि तो का लागला हे सांगू शकेल असे जागेवर कोणीही नसते.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. किर्लोस्करांचे ऑइल इंजिन गावचा मेस्त्री विहिरीच्या काठावर उघडीत असे. आजच्या यंत्राचे इंजिन, हायड्रॉलिक पंप आणि धुराड्यातील वायू या सर्वांवर सेन्सरांचा पहारा असतो. चाकांवरील बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून उत्सर्जनाचे चौथ्या टप्प्याचे मानक लागू झाले, जानेवारी २०२५ पासून पाचव्याची पाळी आली, आणि त्यासोबत सेन्सरांची संख्या वाढली. स्वच्छ हवेसाठी हे योग्यच आहे. तथापि चिखल, कंपन आणि पाऊस यांत राबणाऱ्या यंत्रावर प्रत्येक नवी तार ही बिघाडाची एक नवी जागा असते, हेही विसरता येत नाही.

बिघाडाचा संकेतांक म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गैरसमजाचे मूळ तेथेच आहे. अवजड वाहने व यंत्रे यांसाठी जे१९३९ नावाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रचलित आहे. त्यातील संकेतांकाचे प्रमुख भाग दोन : कोणता संदेश, आणि त्यात कोणत्या प्रकारचा दोष. पहिला अंक १०० असल्यास विषय इंजिनातील तेलाच्या दाबाचा. दुसरा अंक ४ असल्यास विद्युतदाब अपेक्षेपेक्षा कमी. आता ‘१००, ४’ हे अंक पडद्यावर आले, तर तेलाचा दाब उतरला असे समजावे काय? नाही. सेन्सर निकामी झाला काय? तेही निश्चित नाही. संगणकाने एवढेच सांगितले आहे, की त्या तारेवर येणारा विद्युतदाब मर्यादेच्या खाली आहे. ही साक्ष आहे, निकाल नव्हे.

अनेक यंत्रांत तीन-चार सेन्सरांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच सामाईक तारेतून होतो. एखाद्या क्लॅम्पखाली तार घासून तिचे आवरण गेले आणि ती लोखंडी सांगाड्याला टेकली, की सर्वच सेन्सरांचे विद्युतदाब कोसळतात आणि पडद्यावर तीन-चार संकेतांक एकदम उमटतात. घाईत असलेला तंत्रज्ञ तितके सेन्सर मागवितो. जाणता इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावून एकेक सेन्सर काढीत जातो. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोषी तोच. सर्व काढूनही आले नाहीत, तर दोष बहुधा तारेत. संगणकांमधील परस्पर-संदेशाच्या दोन तारांचेही तसेच आहे. त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून बॅटरी तोडून मोजल्यास सुमारे ६० ओहम दिसावयास हवेत. १२० दिसले, तर एक रोधक किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली आहे असे समजावे. या कसोट्यांना महागडे उपकरण लागत नाही, पण तारांचा नकाशा लागतो. आणि तो नकाशा बहुधा जागेवर नसतो!

असे का होते, याचे उत्तर अर्थशास्त्रात शोधावे लागते. डार्बी आणि कार्नी या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांची गरज होती किंवा नव्हती हे ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही कळत नाही. निदान करणारा आणि सुटा भाग विकणारा एकच असला, की अनावश्यक विक्रीचा मोह उत्पन्न होतो. आपल्या देखभाल-करारांत मजुरी ठोक आणि भागांची किंमत वेगळी, अशी रचना सर्रास आढळते. म्हणजे तार शोधण्यात चार तास घालविणाऱ्याला काही मिळत नाही, आणि सेन्सर बदलणाऱ्याचे देयक मंजूर होते. तंत्रज्ञाला अप्रामाणिक ठरविण्याचे कारण नाही. कराराने त्याला जे करावयास सांगितले तेच तो करतो.

सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांत स्पष्ट म्हटले आहे, की देखभालीचा करार पुरवठादाराशी किंवा अन्य कोणत्याही सक्षम संस्थेशी करता येतो. नियम उदार आहे. परंतु कुलपाची किल्ली पुरवठादाराकडेच असेल, तर अन्य संस्था सक्षम ठरावी कशी? मोटारगाड्यांच्या बाबतीत हाच प्रश्न स्पर्धा आयोगापुढे आला होता. सुटे भाग व निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार-उत्पादकांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले, ते असो. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली. तेव्हा शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारी ही क्षेत्रे निवडण्यात आली. बांधकाम यंत्रांचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. ज्या देशात सार्वजनिक बांधकामाचा सर्वांत मोठा ग्राहक शासन आहे, तेथे ही बाब खटकते.

उत्पादकांचे म्हणणे असे, की यंत्र सर्वांना खुले केले तर उत्सर्जन-नियंत्रणात ढवळाढवळ होईल आणि सुरक्षितता धोक्यात येईल. हा आक्षेप पोकळ नाही. परंतु वाचणे आणि बदलणे यांत भेद करता येतो. संकेतांक, चालू मूल्ये व तारांचे नकाशे खुले ठेवावेत. आज्ञावलीत बदल करण्याचा अधिकार राखून ठेवावा.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे, तर क्रेनचे पाहावे. बूमचा कोन, लांबी आणि उचललेला भार यांची मोजणी करून मर्यादा ओलांडताच क्रेनला थांबविणारी यंत्रणा आधुनिक क्रेनवर असते. तिचा एखादा सेन्सर बिघडला, की क्रेन हलण्यास नकार देते. भाडे तासावर किंवा पाळीवर, तंत्रज्ञ दोन दिवसांनी येणार, आणि यंत्रणा तात्पुरती बाजूला सारण्याची सोय केबिनच्या आसपास असतेच. ती वापरली जाते. पुढे कित्येक दिवस भार ऑपरेटरच्या अंदाजावर उचलला जातो, आणि खाली माणसे वावरत असतात. निदान कुलूपबंद ठेवल्याने ढवळाढवळ थांबत नाही. ती अंधारात होऊ लागते.

निविदेतच काही कलमे घालणे शक्य आहे. तारांचे नकाशे व संकेतांकांची पुस्तिका यंत्रासोबत मिळावी, संकेतांक वाचण्याचे साधन खरेदीचाच भाग असावे, कामावरील दोन इलेक्ट्रिशियनांना प्रशिक्षण द्यावे. याहून महत्त्वाचे म्हणजे निदानाच्या तासांना स्वतंत्र दर असावा, आणि काढलेला प्रत्येक भाग त्याच्या मोजमापाच्या नोंदीसह परत मिळावा. सर्वांत कमी किमतीची निविदा निवडताना पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च हिशेबात धरल्यास या कलमांची किंमतही भरून निघेल, असे माझे मत आहे.

लेखाशाखेचा आक्षेप मला आताच ऐकू येतो : ‘निदान’ या बाबीसाठी लेखाशीर्ष कोणते? प्रश्न रास्त आहे. खरेदीच्या अनेक नस्त्या माझ्या हाताखालून गेल्या. पावत्या जोडलेल्या असल्या, तर सहा सेन्सर का बदलले असे कोणी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही. एका इलेक्ट्रिशियनने दुपारभर राबून एक ओला कनेक्टर कोरडा केला व यंत्र चालू झाले, याची पावती मात्र कोठल्याच नस्तीत आढळली नाही.