छोटं विमान उतरताना कोसळतं तेव्हा ‘पायलटची चूक’ म्हणजे नेमकं काय?

आपल्या वर्ध्यात विमानतळ नाही, जवळचा म्हणजे नागपूरचा. पण कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी लागणारे २०० तास भरायला विदर्भातली मुलं आता गोंदिया, बारामतीपर्यंत जातात. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मधली बातमी इथेही लक्ष देऊन वाचायला हवी. १९ आणि २२ ऑक्टोबरला बारामती परिसरात प्रशिक्षणाची दोन विमानं कोसळली, जीव कुणाचा गेला नाही. त्याआधी १४ सप्टेंबरला विशाखापट्टणमहून आलेलं खाजगी लिअरजेट ४५ मुंबईत उतरताना धावपट्टीशेजारी आपटून फुटलं. आतले आठही जण वाचले. प्रत्येक वेळी चर्चा एकच: पायलट चुकला असेल.

असेलही. पण कुठे?

मुंबईचं उदाहरण घ्या. जोराचा पाऊस होता आणि दृश्यता होती ७०० मीटर. धावपट्टीवरून रेडिओ संकेत देणारी आयएलएस यंत्रणा साध्या श्रेणीची असली तरी साधारण ५५० मीटरपर्यंत उतरता येतं. म्हणजे आकडा त्याच्या वर होता. मात्र यंत्रणा पायलटला आणून सोडते ते जमिनीपासून सुमारे २०० फुटांवर. तिथे धावपट्टी दिसली तर पुढचं काम डोळ्यांनी आणि हातांनी करायचं, तेही काही सेकंदांत, काचेवर पाण्याचे लोट वाहत असताना. तपास यंत्रणेच्या प्राथमिक माहितीनुसार, आपटण्याआधी कॉकपिटमध्ये स्टॉलचा इशारा वाजला होता आणि विमान उजवीकडे कललं होतं.

हा ‘स्टॉल’ शब्द फसवा आहे. गाडी चढावर बंद पडते तसं इंजिन बंद पडणं, असा अर्थ आपण घेतो. इथे बंद पडतो तो पंख. नाक जास्त वर उचललं गेलं की पंखावरून हवा नीट वाहत नाही आणि उचल एकदम घटते. इंजिन बिचारं चालूच असतं! वर आकाशात हे झालं तर नाक खाली करून, वेग घेऊन सावरता येतं. उतरताना खाली तेवढी जागाच नसते.

छोट्या विमानांचा सगळ्यात बदनाम सापळा म्हणजे धावपट्टीकडे वळायचं शेवटचं वळण. वारा पाठीवर असला की विमान रेषेच्या पुढे निघून जातं. मग पायलट वळण आवळतो. एखादं विमान सरळ उडताना ५० नॉट वेगाला स्टॉल होत असेल, तर उंची राखत ६० अंश कलल्यावर तेच ७० नॉटलाच होतं. हातातला वेग तेवढाच, पण खालची सुरक्षित जागा गायब.

यावर उपाय जुना आहे: गो-अराउंड. वेग, उंची, दिशा जुळत नसेल तर पॉवर द्यायची, वर जायचं, पुन्हा यायचं. ढगात १००० फुटांपर्यंत आणि मोकळ्या हवेत ५०० फुटांपर्यंत सगळं स्थिर झालं नसेल तर उतरायचं नाही, असा सर्वमान्य दंडक आहे. तरी तो मोडला जातो. मागे मालक बसलेला असतो, उशीर झालेला असतो, शिकाऊ मुलाला ‘जमत नाही वाटतं’ ऐकायचं नसतं. माझ्या मते खरी चूक बहुतेक वेळा इथे होते. शेवटचा झटका फक्त दिसतो.

आणि कधी चूक कॉकपिटमध्ये नसतेच. बारामतीच्या दोन घटनांनंतर डीजीसीएने रेडबर्ड संस्थेची प्रशिक्षण परवानगी निलंबित केली. तिथे रोख विमानांच्या देखभालीवर होता. गोंदियाच्या बिरसीहून उडालेलं विमान मार्च २०२३ मध्ये बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोघं गेले, तो तर उतरतानाचा अपघातच नव्हता. तीन घटना, तीन वेगळे प्रश्न, आणि आपण सगळ्यांना एकच शिक्का मारतो.

२०१२ पासून आपल्याकडे अपघातांचा तपास एएआयबी करतं, आणि आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्याचं काम दोषी ठरवणं नसून पुढचा अपघात टाळणं आहे. म्हणून अहवाल आला की शेवटची ओळ वाचून थांबू नका, आधीची पानं बघा: पायलटचे तास, विश्रांती, हवामान, देखभाल. आणि पोराला फ्लाइंग स्कूलला घालणार असाल, तर फीच्या आधी हे विचारा की तिथे गो-अराउंड केलेल्या विद्यार्थ्याला प्रशिक्षक काय म्हणतात.