नाकातली मांसवाढ आणि डोकेदुखीची गोळी

आपल्या घरांत सर्दीला कुणी आजार मानत नाही. नाक महिनोन्‌महिने चोंदलेले राहते, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, अत्तराचा वास येत नाही, चुलीवरची फोडणी करपली तरी कळत नाही. तरीही आपण म्हणतो, "थंडी बाधली असेल." पण अशा नाकात अनेकदा मांस वाढलेले असते. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. ते द्राक्षासारखे मऊ असते, दुखत नाही. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

हे मांस वाढते कसे? जखम भरून यावी म्हणून शरीर काही रासायनिक निरोप धाडते. त्यांना वाढघटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर म्हणतात. नाकाचे अस्तर सतत सुजलेले राहिले की हे निरोप थांबतच नाहीत. त्यांपैकी व्हीईजीएफ नावाचा घटक नव्या रक्तवाहिन्या फोडतो आणि त्यांच्या भिंती झिरपत्या करतो. पाणी अस्तरात साठते आणि ते फुगून खाली लोंबू लागते. नुसते कापून काढले तरी सूज कायम असते, म्हणून ते पुन्हा वाढू शकते.

काहींच्या बाबतीत यात आणखी एक धोका असतो. नाकात मांस, सोबत दमा आणि अ‍ॅस्पिरिन न सोसणे, हे त्रिकूट फ्रान्समध्ये विदाल आणि सहकाऱ्यांनी 1922 साली नोंदवले. 1968 मध्ये अमेरिकेत सॅम्टर व बिअर्स यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. दमा असलेल्या प्रौढांपैकी सुमारे 7 टक्के लोकांना हा त्रास असतो. बहुधा तो तिशी-चाळिशीत सुरू होतो.

अ‍ॅस्पिरिन शरीरातला सूज आवरणारा एक पदार्थ कमी करते. मग ल्युकोट्रिन नावाची द्रव्ये उसळतात आणि श्वासनलिका आवळतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून तीन तासांत नाक गळते, डोळे लाल होतात, धाप लागते. कधी जिवावर बेतते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही हेच करतात. डिस्प्रिनमध्ये अ‍ॅस्पिरिन असते, कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन. कपाटातली गोळी प्रेमाने पुढे करणाऱ्या अम्मीला किंवा चाचीला हे ठाऊक नसते.

म्हणून आम्ही सांगतो: दमा आणि चोंदलेले नाक असेल तर गोळी देण्यापूर्वी पाकिटावरचे औषधाचे नाव वाचा. पूर्वी त्रास झाला असेल तर त्या औषधाचे नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला, दात काढणाऱ्यालाही, दाखवा. पॅरासिटामॉल साधारण मात्रेत बहुतेकांना चालते, पण जास्त मात्रेने काहींना त्रास होतो. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. गरज पडल्यास इस्पितळात देखरेखीखाली हळूहळू मात्रा वाढवून शरीराला त्याची सवय करता येते.

नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे रोज घ्यावा लागतो. रमजानात काहीजण तो सोडून देतात आणि ईदपर्यंत नाक पुन्हा बंद होते. हा स्प्रे दिवसातून एक-दोनदाच लागतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारून त्याची वेळ सहरी-इफ्तारीशी जुळवता येते.

वास येत नाही, ही तक्रार किरकोळ समजू नका. या महिन्यात घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा: तुम्हाला वेलचीचा वास येतो का?