शेरे वाचा, नुसतं ‘पास’ नको

लेक-जावई लेस्टरला जुनी गाडी बघतायत. इंग्लंडमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ तपासणी सक्तीची. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर जुने सगळे निकाल, किलोमीटर नव्हे तर मैलांच्या नोंदीसह, फुकट दिसतात.

जावईबापू फक्त ‘पास’ शोधत होते. मी कॉमर्सची, ऑडिटरचे शेरे आधी वाचते. एक गाडी बल्बमुळे नापास, लगेच दुरुस्त. दुसरी सलग ४ वर्षं पास, पण ‘ब्रेक पाइप गंजतायत’ हा शेरा दरवर्षी तोच!

माझं मत पहिलीला. प्रतिक्रमण करून तीच चूक पुन्हा केली, तर काय उपयोग?

मात्र या तपासणीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची अवस्था बघत नाहीत. त्यासाठी मेकॅनिकच हवा.