नदीच्या नावाने मत मागणाऱ्यांना आमचे तीन प्रश्न

निवडणूक जवळ आली की धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात गाड्या चढू लागतात. झेंडे वेगवेगळे असतात, पण पत्रकावरचे शब्द आताशा एकच : जल, जंगल, जमीन. एके काळी हे शब्द फक्त मोर्चात ऐकू येत. आज ते सगळ्याच पक्षांना पाठ झाले आहेत. आणि नेमक्या याच काळात बायकांच्या बैठकांत एक थकवा जाणवू लागला आहे. जुन्या पक्षांवरचा राग आपल्या ओळखीचा आहे, त्यात नवे काही नाही. नवी आहे ती नदीचे, झाडाचे, पर्यावरणाचे नाव घेऊन मत मागणाऱ्यांविषयीची निराशा. त्यांनाही पाहिले, एवढेच म्हणून बायका विषय बदलतात.

आपल्या संघटनांत या निराशेचा अर्थ फार घाईने लावला जातो. लोकांना पैसा, दारू आणि जात एवढेच कळते, पर्यावरणाचे त्यांना काही पडलेले नाही, असे आपण एकमेकींना सांगतो आणि स्वतःची समजूत घालून घेतो. मला हे मान्य नाही. ज्या जिल्ह्यातल्या ३३ गावांवर सरदार सरोवराचे पाणी चढले, त्या जिल्ह्यातल्या बाईला नदी म्हणजे काय हे शिकवायला कोणी यायची गरज नाही. नदीच्या नावाने मत घेतल्यावर पुढे काय होते, हे तिने पाहिले आहे. तिची निराशा तिथून आली आहे.

थोडा इतिहास आठवू या. या ३३ गावांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातली आणि २४ अक्राणी तालुक्यातली. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा १९७९ साली आला. पुढच्या दशकात खोऱ्यात संघटना उभी राहिली. मणिबेली आणि डोमखेडी या गावांची नावे सत्याग्रहांमुळे जगभर पोहोचली. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि मार्च १९९३ मध्ये बँकेच्या उरलेल्या कर्जावर पाणी सोडावे लागले. हे सारे झाले ते मोर्चे, उपोषणे आणि छातीभर पाण्यात उभे राहण्याच्या बळावर. त्यात मतपेटीचा वाटा नव्हता.

मतपेटीतून या काळात काय आले? २०१४ पर्यंत नंदुरबारमधून काँग्रेसचे माणिकराव गावित सलग नऊ वेळा लोकसभेवर गेले. त्यानंतर भाजपच्या हिना गावित दोनदा निवडून आल्या. २०२४ मध्ये पुन्हा काँग्रेसचे गोवाल पाडवी. खासदार पुरुष झाला, बाई झाली, पक्ष बदलले. पाणी मात्र चढतच राहिले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण १३८.६८ मीटरपर्यंत पहिल्यांदा पूर्ण भरले.

मग चळवळीनेच निवडणुकीत उतरावे, असा विचार पुढे आला. २०१४ मध्ये मेधा पाटकर आम आदमी पक्षातर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या, पण ईशान्य मुंबईतून. नंदुरबार हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे आणि तो तसा असणे योग्यच आहे. परिणाम मात्र असा झाला की ज्या खोऱ्याने त्यांना ताई म्हटले, त्या खोऱ्यातल्या मतदान यंत्रावर त्यांचे नाव नव्हते. मुंबईत त्या सुमारे ७६ हजार मते घेऊन तिसऱ्या आल्या, भाजपचे किरीट सोमय्या निवडून आले. निकाल मे महिन्यात लागला आणि १२ जून २०१४ रोजी धरणाला दरवाजे बसवण्याची परवानगी मिळाली. मार्च २०१५ मध्ये मेधाताईंनी तो पक्षही सोडला. एका वर्षाच्या आत आशा, मत आणि पक्ष, तिन्ही हातातून गेले.

यावर आपल्यात दोन मते ऐकू येतात. चळवळीने निवडणुकीच्या चिखलात पाय घालू नये, हे एक. लोक कृतघ्न आहेत, हे दुसरे. मला दोन्ही सोपी वाटतात. मत म्हणजे उपकाराची परतफेड नव्हे. मानखुर्द-गोवंडीच्या वस्तीतली बाई घर पाडायला बुलडोझर येतो तेव्हा आंदोलनाच्या ताईला हाक मारते, आणि नळासाठी, रेशनकार्डासाठी नगरसेवकाकडे जाते. ती दोघांनाही ओळखते. उद्या नळ कोण देईल हा हिशेब तिने केला, तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे?

मेधाताईंच्या हाती सत्ता आलीच नाही, तेव्हा सत्तेत जाऊन फसवल्याचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकत नाही. कडवट अनुभव आला तो सत्ता मिळाली तिथे. कोकणात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाला लोकांचा विरोध होता. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू अशी गर्जना केली आणि सत्ता मिळवली. ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. पण लगेच वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९९६ च्या सुरुवातीला सुधारलेल्या करारासह अधिक मोठा प्रकल्प मान्य झाला. जून १९९७ मध्ये त्याच प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस पहाटे घरांत घुसले, बायकांना मारहाण करून पकडून नेले. समुद्रात प्रकल्प बुडायचा होता, पोलिसांच्या गाडीत बसल्या त्या बायका.

मुंबईच्या आरे वसाहतीतही हेच. मेट्रोच्या कारशेडला विरोध असल्याचे शिवसेना सांगत होती आणि त्याच वेळी राज्यात सत्तेची भागीदारही होती. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. नोव्हेंबरमध्ये नव्या मुख्यमंत्र्यांनी कामाला स्थगिती दिली, २०२२ मध्ये सरकार बदलले आणि स्थगितीही उठली. जी गोष्ट एका सहीने थांबते ती दुसऱ्या सहीने सुरू होते, हे आरेतल्या आदिवासी पाड्यांना आता कोणी समजावून सांगायला नको.

हा अनुभव आपल्याच देशापुरता आहे असेही नाही. युरोपातल्या आयर्लंड या छोट्या देशात ग्रीन पक्ष नावाचा पर्यावरणवाद्यांचा पक्ष आहे. २००७ मध्ये त्याचे ६ खासदार निवडून आले. ज्या फिअना फॉल पक्षावर ते टीका करत आले होते, त्याच पक्षाबरोबर ते सत्तेत गेले. नेते ट्रेव्हर सार्जंट यांनी आपण पक्षाला त्या युतीत नेणार नाही असे सांगितले होते, म्हणून त्यांनी नेतेपद सोडले, पण पक्ष गेलाच. जॉन गॉर्मली पर्यावरणमंत्री झाले. तारा या प्राचीन टेकडीजवळून जाणारा महामार्ग त्यांना थांबवता आला नाही. स्वतःच्या मतदारसंघातल्या कचरा जाळण्याच्या कारखान्याला त्यांचा विरोध होता, तोही पुढे उभा राहिलाच. २०११ मध्ये मतदारांनी त्या पक्षाच्या सहाही जागा काढून घेतल्या.

विशेष म्हणजे मतदारांनी त्यांना दुसरी संधीही दिली. २०२० मध्ये १२ खासदार निवडून आले आणि पक्ष पुन्हा सत्तेत गेला. या वेळी काम झालेच नाही असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये हवामानाविषयी कडक कायदा झाला, २०२२ मध्ये बस आणि रेल्वेचे भाडे कमी झाले. पण इंधनावरचा कर वाढत गेला. खेड्यांत दलदलीतली वाळवलेली माती चुलीत जाळतात, तिच्या विक्रीवरही २०२२ मध्ये निर्बंध आले. महागाईच्या हिवाळ्यात घर ऊबदार कसे ठेवायचे, हा प्रश्न तिथल्या बाईपुढे उभा राहिला. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्या पक्षाची एकच जागा उरली.

दाभोळ, आरे आणि आयर्लंड एका तराजूत तोलता येणार नाहीत, हे मलाही कळते. तरी दोन गोष्टी सगळीकडे दिसतात. सत्तेत जाताना कोणत्या मुद्द्यावर बाहेर पडू, हे आधी ठरलेले नव्हते किंवा ठरलेले पाळले गेले नाही. आणि पर्यावरण राखण्याची किंमत कोणाच्या चुलीतून वसूल होणार, हे मतदारांना विचारलेले नव्हते.

ही दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यात तर रोजची आहे. लवादाच्या निवाड्यात सज्ञान मुलगा हे वेगळे कुटुंब धरले गेले, सज्ञान मुलीचा तिथे उल्लेखही नाही. तीच नदी, तेच बुडालेले घर, पण भावाला कुटुंब म्हणून मान्यता आणि बहीण हिशेबाबाहेर. पुनर्वसनासाठी तळोद्याच्या जंगलातली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन दिली गेली. विस्थापितांना जमीन मिळायलाच हवी होती. पण त्या जंगलावर सरपण आणि चराई अवलंबून असलेल्या शेजारच्या गावांतल्या बायकांनी मोळी आणायची कुठून? प्रचारसभांत धरणाची उंची आकड्यांसह सांगितली जाते. मोळीसाठी बाईला किती लांब जावे लागते, ते अंतर मी एकाही उमेदवाराच्या तोंडून ऐकलेले नाही.

मग मत देऊन उपयोगच नाही का? तसे मी म्हणणार नाही. शहादा भागात १९७२ नंतर श्रमिक संघटनेतल्या आदिवासी बायकांनी दारूचे मडके फोडले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला गावासमोर जाब विचारला. पुढे राज्यात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांच्या मतदानाचा नियम झाला. गावातल्या नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली की दुकान बंद. ओडिशात नियामगिरी डोंगरावर वेदांत कंपनीची खाण हवी की नको, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १२ ग्रामसभांना विचारले गेले. बाराही ग्रामसभांनी नको म्हटले आणि खाण थांबली. या दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आणि स्पष्ट होता, उत्तर लोकांचे होते, आणि ते मध्येच विकायला कोणी दलाल नव्हता.

अर्थात ग्रामसभेला हा अधिकार आभाळातून पडलेला नाही. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा संसदेतच झाले. वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा आहे, वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका हव्यात. तेव्हा निवडणुकीकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणार नाही. ज्या सभागृहात हे कायदे झाले, तिथेच ते मोडलेही जाऊ शकतात.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की पर्यावरणाच्या नावाने मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो आपल्या चळवळीतला असला तरी, आपण गटागटांतून तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर कागदावर सहीसकट घ्यावे. पहिला : कोणती गोष्ट झाली तर तुम्ही सत्ता सोडाल? दुसरा : ग्रामसभेने नाही म्हटले, तर तुमच्या पक्षाचे सरकार असतानाही तो प्रकल्प थांबवाल का? तिसरा : जमीन, वनपट्टा आणि नुकसानभरपाई यांत बाईचे आणि सज्ञान मुलीचे नाव कुठे असेल?

आपल्याच माणसांना असे खडसावून विचारले तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती काही मैत्रिणींना वाटते. ती मी समजू शकते. पर्यावरणवादी म्हटले की विकासविरोधी ठरवण्याची घाई सगळ्यांनाच असते. पण आपण गप्प राहिल्याने विरोधक गप्प बसलेले नाहीत. बोलणे थांबले ते फक्त आपल्या बैठकीतल्या बाईचे, जी आता विषय बदलते. तिचा विश्वास परत मिळवायचा असेल तर तिच्या हातात पत्रक देण्याऐवजी प्रश्न विचारण्याचा मान द्यावा लागेल.

जिल्ह्यातल्या सर्व महिला मंडळांना आणि गटांना माझी विनंती आहे. पुढची निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. येत्या ग्रामसभेतच हे तीन प्रश्न वाचून दाखवा, त्यात तुमच्या गावाचा चौथा प्रश्न घाला आणि ठरावाच्या वहीत लिहून घ्या. गाड्या डोंगर चढून येतील तेव्हा ती वही उघडी असू द्या.