चौसष्ट जणींचा हिशेब



कॅन्सर संशोधकाचा मोठेपणा सांगताना आधी त्याचे शोधनिबंध मोजतात. आम्ही त्या यादीतला एकच निबंध उघडतो. एप्रिल २००९, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’. विषय गर्भाशयमुखाचा कॅन्सर, म्हणजे आपल्या आयाबाया पिशवीच्या तोंडाचा म्हणतात तो. जागा उस्मानाबाद जिल्हा, आजचे धाराशिव. पैसा गेट्स फाउंडेशनचा.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ समूह करून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींना तपासणी नाही. हवी असेल तर कुठे जायचे, एवढे सांगितले. आठ वर्षांनी मोजले तेव्हा एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ जणींपैकी या रोगाने ३४ गेल्या होत्या, चौथ्या गटात ६४. तपासणी झाली असती तर चौसष्टच्या चौसष्ट वाचल्या असत्या, असे आम्ही म्हणत नाही. पण पॅप तपासणी जगात कित्येक दशके चालू होती. या रोगाची तपासणी जीव वाचवते हे नव्याने कळायचे नव्हते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून असाच प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून, पातळ ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, आणि हे मोठेच काम आहे. पण तुलनेच्या गटातल्या ७६ हजारांवर स्त्रियांना त्या काळात फक्त आरोग्यशिक्षण मिळाले. पैसा अमेरिकन सरकारचा होता, म्हणून तिथल्या संशोधन-संरक्षण कार्यालयाने चौकशी केली. संमती घेताना स्त्रियांना पुरेशी माहिती दिली नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष.

यावर ठरलेले उत्तर असे: भारतात गरीब बाईची तपासणी होतच नाही, मग ‘तपासणी नाही’ हीच इथली प्रचलित सेवा. हा युक्तिवाद आपण ओळखला पाहिजे. आधी द्यायचे नाही, मग न देण्यालाच रिवाज म्हणायचे. पाणवठ्यावरही हेच सांगत होते. असा प्रयोग मलबार हिलवर का झाला नाही, याचे उत्तर या निबंधांत नाही. त्या स्त्रियांची जातही त्यांत नाही. झोपडपट्टीत कोण राहते हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आम्ही संशोधनाच्या विरोधात नाही. आमचा राग पुढच्या गोष्टीवर आहे. उस्मानाबादचा निबंध जगभर उद्धृत झाला, जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीच करा म्हणते. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती? १.९ टक्के. ज्यांच्या अंगावर हे ज्ञान सिद्ध झाले, त्यांच्या लेकीसुनाही चौथ्याच गटात.

थोडे आपल्यालाही. १४ एप्रिलच्या शिबिरात आपण बीपी, शुगर, डोळे तपासतो. पिशवीचे नाव काढायला कार्यकर्ते लाजतात.

२०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, वर्षभरात किती जणींची झाली ते लेखी मागा. आकडा दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. मिळालेला आकडा ग्रामसभेत वाचा, महिला मंडळाला पुढे बसवून.